१९६७ची पॉन्टिॲक जीटीओ : इंजिन उघडल्यानंतरची नोंद

मी नव्याने उभी करत असलेल्या या जुन्या अमेरिकी गाडीच्या पत्र्याचे आणि डिकीतल्या गंजाचे काम वेल्डरकडे संथपणे चालू आहे. त्यात नवे सांगण्यासारखे काही नाही. या वेळची नोंद इंजिनाची आहे, कारण जीटीओवर संग्राहकांचा एवढा जीव का, याचे उत्तर बहुतांशी बॉनेटखालीच मिळते.

मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. त्याच कंपनीच्या पॉन्टिॲक विभागातले जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस जी या अभियंत्यांनी टेम्पेस्ट लेमान्स या घरगुती वापराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले आणि १९६४ साली ते नवे मॉडेल म्हणून नव्हे, तर जादा पैसे मोजून घ्यायचे ‘जीटीओ’ नावाचे ‘ऑप्शन’ म्हणून विकायला काढून दंडकाला बगल दिली. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांहून अधिक गाड्या खपल्यावर वरिष्ठांची हरकत आपोआप मावळली. त्याहून वेगवान गाड्या पुढे पुष्कळ निघाल्या. पण साध्या, चौकोनी अंगाच्या गाडीत दडलेला हा कारखान्यातला खोडसाळपणा मला तरी वेगापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

त्याची दुसरी बाजू अशी की, १९६४ आणि १९६५च्या गाड्यांचा चासी क्रमांक लेमान्सचाच असल्यामुळे बिल्ले चिकटवून तयार केलेली ‘जीटीओ’ नुसत्या क्रमांकावरून ओळखता येत नाही आणि पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या नोंदींची प्रत मागवावीच लागते. १९६६पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि क्रमांक २४२ने सुरू होऊ लागला, त्यामुळे माझ्या गाडीपुरती ही चिंता मिटली. इंजिनाची मात्र खात्री करायची होती, कारण इंजिनाच्या ब्लॉकवर चासी क्रमांकाचा भाग ठोकण्याची पद्धत १९६८पासूनची आहे. ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढच्या अंगाला साचलेले तेल आणि जुना निळा रंग खरवडल्यावर ‘वायएस’ ही अक्षरे स्वच्छ दिसली : ४०० घनइंच, ३३५ अश्वशक्ती, ऑटोमॅटिक गिअर. मागे डिस्ट्रिब्युटरजवळची ओतकामाची तारीख बॉडीवरच्या पट्टीत नोंदलेल्या, बॉडी तयार झाल्याच्या आठवड्याच्या थोडी आधीची निघाली, म्हणजे हिशेब जुळतो.

ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे, काढल्यावर तेलाच्या पंपाच्या जाळीत पिवळट, ठिसूळ कपच्या अडकलेल्या सापडल्या. आवाज कमी व्हावा म्हणून पॉन्टिॲकने कॅमशाफ्टच्या टायमिंग गिअरचे दात नायलॉनचे केले होते. वय आणि उष्णता यांनी ते तडकतात, तुकडे तेलात उतरतात आणि जाळी तुंबली की बेअरिंगला तेल मिळत नाही. तिथे पूर्ण पोलादी जोडी बसवणार आहे. कव्हरखालची ही वस्तू कोणी बघत नाही, आणि इथे अस्सलपणाचा हट्ट धरणे म्हणजे इंजिनाशी वैर धरणे होय.

खरा पेच हेडचा, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागाचा, आहे. मधल्या एक्झॉस्ट पोर्टवर ६७० हा आकडा ओतलेले, बंदिस्त ज्वलनकक्षाचे हे हेड १९६७च्या इंजिनांची खूण असल्यामुळे जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. परंतु त्याच्यासह कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) १०.७५ला एक एवढे होते, आणि ते शिसेयुक्त, उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेले होते. आज अमेरिकेतल्या पंपावर मिळणाऱ्या ९३ ऑक्टेनवर चढाला नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोके बसणे, होण्याचा धोका आहे. (इथला आकडा भारतातल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने काढतात, म्हणून दोन्हींची थेट तुलना करू नये.) मोठ्या कक्षाचे नंतरचे हेड लावावे, असा सल्ला अनेकांनी दिला, मला तो पटत नाही. हेड तेच ठेवून, माथ्यावर खळगा असलेले फोर्ज्ड (घडीव) पिस्टन घालून कॉम्प्रेशन साडेनऊच्या खाली आणायचे ठरवले आहे. थोडी ताकद जाईल; पण मूळचा ४४१ फूट-पाउंडांचा टॉर्क पाहता ती उणीव रस्त्यावर फारशी जाणवू नये, आणि बाहेरून एक नटही बदललेला दिसणार नाही.

मशीन शॉपने बोअरची मापे दिली की पिस्टनची ऑर्डर जाईल. दरम्यान क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलचा निर्णय व्हायचा आहे : मूळ ग्रॅफाइट लावलेली दोरी घालावी, की आजकाल मिळणारे दोन तुकड्यांचे रबरी सील? ज्यांच्या पॉन्टिॲकमध्ये यांपैकी एखादे निदान दोन उन्हाळे न गळता टिकले आहे, त्यांनी ते कोणत्या प्रकारचे होते आणि बसवताना काय काळजी घेतली, हे अवश्य कळवावे.