टीसीई गायब झालं म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही

धातूच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरलेलं ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, पाण्यापेक्षा जड. जमिनीत मुरलं की खाली खालीच जातं, आणि नुसतं भूजल उपसत बसलं तर वर्षानुवर्षं संपत नाही. म्हणून त्यातले क्लोरीन एकेक करून काढणारे जिवाणू तिथेच पोसायचे. टीसीईचं आधी सिस-डीसीई (एक क्लोरीन कमी झालेलं डायक्लोरोइथिलीन) होतं, मग व्हिनाइल क्लोराइड, शेवटी निरुपद्रवी इथिन.

डीसीईपर्यंतचं काम बरेच जिवाणू करतात. पुढचं भरवशाने करतात ते डीहॅलोकोकॉइड्स, आणि ते सगळीकडे नसतात. अमेरिकेत डेलावेअरच्या डोव्हर हवाई तळावर २६९ दिवस लॅक्टेट, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, देऊनही गाडी डीसीईवरच अडली होती. मग फ्लोरिडातल्या पिनेलासहून आणलेलं जिवाणूंचं विरजण सोडलं. सुमारे ९० दिवस काहीच हललं नाही. ५०९व्या दिवसापर्यंत मात्र सगळ्याचं इथिन झालं. ते ९० दिवस धीर धरणंच अवघड.

विरजण आधी सोडू नका. प्राणवायू त्याला मारतो. आधी खाद्य द्या: लॅक्टेट लवकर संपतं, सोयाबीन तेलाचं इमल्शन बराच काळ पुरतं. विरघळलेला प्राणवायू लिटरला ०.५ मिलिग्रॅमखाली आणि रेडॉक्स (पाण्यात प्राणवायूविरहित स्थिती किती आहे ते सांगणारं माप) उणे १०० मिलिव्होल्टच्या आसपास उतरला की मगच विरजणाचं पिंप उघडा, तेही नायट्रोजन किंवा आरगॉनच्या दाबाने, नळीतली हवा आधी घालवून. विरजण मागून जमिनीत ढकलायला नळाचं पाणी थेट वापरलंत तर त्यातलं क्लोरीन आणि प्राणवायू घात करतात.

खाद्य आंबताना आम्ल तयार होतं. पीएच ६ च्या खाली गेला की काम थांबतं, म्हणून खाण्याचा सोडा सोबत हवाच. सल्फेट जास्त असेल तर खाद्यातून सुटणारा, डीहॅलोकोकॉइड्सला लागणारा हायड्रोजन दुसरे जिवाणू पळवतात. खाद्याचा अतिरेक केला तर मिथेन होतो, वर लोह, मँगनीज, प्रसंगी आर्सेनिकही पाण्यात उतरतं.

रिपोर्ट मोलमध्ये, म्हणजे वजनाऐवजी रेणूंच्या संख्येने, वाचा. १००० मायक्रोग्रॅम टीसीईचं पूर्ण डीसीई झालं तर आकडा सुमारे ७३८ दिसतो. एकही रेणू कमी झालेला नसतो. व्हिनाइल क्लोराइडवर अडकणं तर आणखी वाईट: अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम, याची २. शिवाय ते चटकन उडून जातं. म्हणून तपासणीचा नमुना घेताना ४० मिलीची काचेची कुपी काठोकाठ भरून झाकण लावा आणि उलटी करा. वाटाण्याएवढा बुडबुडा दिसला तर तो नमुना ओतून द्या, दुसरा घ्या.