गेट पडलं की पाटी

मागच्या जानेवारीत एका सप्लायरनं दिलेल्या डायरीच्या पहिल्याच पानावर मी लाल पेनानं लिहिलं होतं, "सहा महिन्यांत कन्नड वाचायला शिकणार". खाली दोन रेघा मारल्या, तारीख टाकली, लई बरं वाटलं. मार्चमध्ये तीच डायरी दूधवाल्याचा हिशोब ठेवायला गेली.

आता कुणी म्हणेल बेळगावात जन्म गेला आणि कन्नड वाचता येत नाही? येत नव्हतं बाबा. बोलायला येतं, बाजारापुरतं आणि कामावर शिव्या खाण्यापुरतं, खरं लिपी दिसली की डोळे आपोआप पुढं सरकायचे. शाळेत मराठी मीडियमला होतो, कन्नडचा पेपर होताच की, गाईड पाठ करून पास झालो आणि निकालादिवशी सगळं विसरलो. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, लाईट बिल मात्र दर महिन्याला येतंय आणि ते कुणाकडून तरी वाचून घ्यायला चाळिशीत लाज वाटायला लागली होती.

जानेवारीत मी केलेली चूक सरळ होती. रोज रात्री जेवण झाल्यावर एक तास बसणार असं ठरवलं होतं. उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे मी, फर्स्ट शिफ्ट असली तरी घरी पोचेपर्यंत अंगात काय उरत नाही, आणि रात्रीच्या जेवणानंतरचा तास हा माझा नव्हेच, तो मोबाईलचा आहे, हे मी डायरी लिहिताना सोयीस्कर विसरलो होतो. चार दिवस बसलो, पाचव्या दिवशी लग्नाला गेलो, सहाव्या दिवशी वाटलं आता मोडलंच, सोडा.

तेव्हा व्हॉट्सअॅपवर कुणीतरी टाकलेलं, 21 दिवस केलं की सवय लागते. मी पाच दिवसांत गार झालेलो, मग म्हटलं हे 21 आलं कुठनं बघू. तर मॅक्सवेल माल्ट्झ म्हणून एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता, त्यानं 1960 मध्ये लिहिलेलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान 21 दिवस लागतात. कुठं नवं नाक आणि कुठं सवय, खरं "निदान" हा शब्द गळाला आणि 21 चा मंत्र झाला. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि मंडळींनी 96 लोकांना बारा आठवडे कायतरी एक रोज करायला लावून मोजलं, तर हिशोब साधारण 66 दिवसांवर आला, कुणाला 18 तर कुणाला पार 254. आणि मला जे पाहिजे होतं ते पण त्यात सापडलं, मधे एखादा दिवस चुकला म्हणून फार काय बिघडत नाही. म्हणजे माझं लग्नाला जाणं नडलं नव्हतं, "आता मोडलंच" म्हणणं नडलं होतं.

दुसऱ्यांदा सुरू झालं ते ठरवून नव्हे. अनगोळहून उद्यमबागला जाताना चौथं रेल्वे गेट लागतं. बेळगावकराला गेट म्हणजे काय ते सांगायला नको, गाडी बंद करायची, मिरजेकडनं नाहीतर लोंढ्याकडनं काय येतंय त्याची वाट बघायची, तेवढ्यात शेजारचा गाडीवाला फटीतनं पुढं घुसणार आणि आपण मनात बोलणार. एके दिवशी मोबाईल घरी राहिला आणि गेट पडलं. करायला कायच नाही, समोर कन्नड पाटी. एकेक अक्षर लावत बसलो. मालगाडी लांबलचक होती म्हणून बरं, कारण एवढं करून जे पहिलं अख्खं वाक्य मला वाचता आलं ते होतं "इल्लि मूत्र विसर्जने माडबारदु". खरं सांगतो, हेल्मेटच्या आत हसलो मी.

त्या दिवसापासनं ठरलं, गेट पडलं की एक पाटी. तास नाही, धडा नाही, एकच पाटी. आणि गेट उघडं मिळालं तर (नेमकं उशीर झालेल्या दिवशी मिळत नाही, ते सोडा) चहाच्या टपरीवर कप हातात आला की समोरच्या दुकानाची. पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला हा कायदा 2024 ला आला, त्याबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते आज मांडत नाही, खरं पाट्यांचा तुटवडा मला पडला नाही हे कबूल करतो.

अवघड काय गेलं, तर कन्नडचे प, व आणि म. एकाच आईची तीन पोरं. शिवाय जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लटकतं, आपल्यासारखं अर्धं होऊन पुढच्याला चिकटत नाही. आणि ए दोन, ओ दोन, ऱ्हस्व वेगळा दीर्घ वेगळा. दोन आणि तीनचे आकडे मात्र आपल्यासारखेच दिसतात, तिथं जरा माहेरी आल्यासारखं वाटलं. संध्याकाळी मी पाटी कागदावर उतरवून लेकीला दाखवायचो, ती तिसरीत आहे, "पप्पा, प नव्हे ओ ते, व आहे, किती वेळा सांगायचं" असं तिच्या टीचरच्या आवाजात सांगायची.

तिच्याकडनंच सगळं वाचून घ्यावं हा मोह रोज व्हायचा. तेव्हा आपल्या बेळगावच्या टिळकवाडीत झालेलं 1924 चं काँग्रेस अधिवेशन आठवायचं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. त्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर इथं सगळ्यांना माहीत असते, खरं त्या अधिवेशनात सभासदत्वासाठी महिन्याला 2000 वार सुताची अट मंजूर झाली हे कमी जणांना ठाऊक. हिशोब केला तर दिवसाला 67 वार, म्हणजे रोज थोडा वेळ चरखा. सवयच की ही, फक्त अख्ख्या देशाला. पण ज्याला कातायचं नाही त्यानं दुसऱ्यानं कातलेलं दिलं तरी चालेल अशी सवलतही होती, आणि 1925 मध्ये चार आणे किंवा वर्षाला 2000 वार असं सैल करावं लागलं. मला वाटतं गाडी त्या सवलतीतच घसरली असणार. सूत मिळतं हो, कातणारा हात काय मिळत नाही.

कामावर पण हेच बघितलंय मी. आमच्यात भिंतीवर मोठा बोर्ड होता, रिजेक्शन इतक्या टक्क्यांवर आणायचं, हिरव्या रंगात बाण खाली जाणारा. त्या बोर्डाकडं बघून एकही कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला नग, सुधारलं नाही. सँडचा मॉइश्चर, म्हणजे साच्याच्या वाळूतला ओलावा, दर तासाला बघायचा असतो, तो बघायचे पण, खरं रजिस्टर ऑफिसात, त्यामुळं शिफ्ट सुटताना आठही आकडे एकदम भरले जायचे, सगळे कसे एकसारखे, 3.5, 3.6, 3.5. पावसाळ्यात वाळू ओली झाली की नगात ब्लो होल, म्हणजे वाफेची भोकं, निघायचे आणि रजिस्टर म्हणायचं सगळं ठीक. मग आमच्या एका जुन्या काकांनी, जे वाळू मुठीत दाबून बोटांचे ठसे बघून सांगतात ओली की कोरडी, त्यांनी कुठनं तरी शाळेतली दगडी पाटी आणली आणि वाळूच्या मिक्सरच्या बाजूला खिळ्याला टांगली. रीडिंग घेतलं की तिथंच खडूनं लिहायचं, बास. आकडे एकदम वेडेवाकडे यायला लागले, म्हणजे खरे यायला लागले, आणि पाणी किती सोडायचं यावर त्या त्या तासाला भांडण व्हायला लागलं. हिरवा बाण अजून आहे भिंतीवर, धूळ खात.

तर माझं कन्नड. गेल्या महिन्यात दुकानाच्या पाट्या संपवून मी नोटिशीला हात घातला. गल्लीच्या तोंडाला लाईट बंद राहणार असल्याचा कागद चिकटवला होता, अख्खा कागद वाचला, गाडीवरनं न उतरता, वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, वार "भानुवार". एक अक्षर चुकलं नाही. लई खुशीत घरी आलो.

रविवारी सकाळी नऊला लाईट गेली. टाकी रिकामी, मोटर लावायची राहिलेली, मिक्सरमध्ये चटणी अर्धी वाटलेली. बायकोला सांगायला लागलो की नोटीस मी वाचलेली, सगळी वाचलेली, फक्त भानुवार म्हणजे कुठला वार ते...

"रविवार ओ पप्पा", लेक आतनं ओरडली.