कऱ्हाड दोनदा का दिसते: दिवाळी अंक सूची, पोस्टग्रेस आणि गिट

मागच्या नोंदीत दिवाळी अंकांच्या सूचीचा डेटाबेस उबंटू १८.०४ असलेल्या जुन्या यंत्रावरून डेबियन १२ असलेल्या नव्या छोट्या यंत्रावर हलवल्याचे लिहिले होते. पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली दोन्हीकडे १४व्या आवृत्तीचीच असल्यामुळे डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून ठेवता आली, सर्व्हर विनातक्रार सुरू झाला आणि यापुढे लेखकसूची हाती घ्यायची असे ठरले होते. ते काम सध्या बाजूला ठेवले आहे, कारण रात्री आपोआप होणाऱ्या गिट कमिटमधून (फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधल्या नोंदीतून) वेगळेच प्रकरण समोर आले.

आपल्या रेपोत, म्हणजे गिटच्या साठ्यात, प्रत्येक तक्ता सीएसव्ही या साध्या मजकूर फाइलच्या रूपात उतरतो. नव्या यंत्रावरच्या पहिल्याच कमिटमध्ये दिवाळी अंकांच्या तक्त्याचा डिफ (जुन्या-नव्या रूपांतला फरक) लाल-हिरव्या ओळींनी भरला होता, पण बदललेली नोंद एकही सापडेना. 'कलर-मूव्ह्ड' हा पर्याय लावून तोच डिफ पुन्हा पाहिला, तेव्हा ओळींनी केवळ जागा बदलल्याचे स्पष्ट झाले. म्हणजे डेटा तोच होता आणि त्याचा क्रम बदलला होता. गिट २.१५पासून उपलब्ध असलेला हा पर्याय फारसा कोणी वापरत नाही, पण डेटाबेसच्या उतारांसाठी त्याच्याइतके उपयुक्त साधन मला दुसरे आढळलेले नाही.

कारण ओळखीचे निघाले. मजकुराची क्रमवारी आपल्या मांडणीत पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, तर ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या जीलिबसी या लायब्ररीकडून घेते. आणि ऑगस्ट २०१८मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ने क्रमवारीचे नियम मुळापासून बदलले. उबंटू १८.०४मध्ये २.२७ होती, डेबियन १२मध्ये २.३६ आहे. इंग्रजी अंकांतले '१-१' आणि '११' हे दोन मजकूर जुन्या यंत्रावर लावले की '११' आधी येते आणि नव्या यंत्रावर '१-१' आधी येते. आपले नोंदक्रमांक नेमके याच घाटाचे आहेत. जुन्या क्रमाने रचलेल्या बी-ट्री इंडेक्समध्ये (झाडाच्या फांद्यांसारख्या शोधरचनेत) नव्या क्रमाने शोध घेतला, की शोध चुकीच्या फांदीवर जातो आणि असलेली नोंद नाही असे उत्तर मिळते. एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा युनिक इंडेक्सही मग दुबार नोंद अडवू शकत नाही. डेटाबेसच्या मूळ कोलेशनची (मजकुराचा क्रम व तुलना ठरवणाऱ्या नियमांची) आवृत्ती नोंदवून ती जुळली नाही तर इशारा देण्याची सोय पोस्टग्रेस १५पासून आली, त्यामुळे १४वर हे सारे निःशब्दपणे घडते.

इंडेक्स तपासणाऱ्या 'ॲमचेक' एक्स्टेन्शनने दोन इंडेक्स बिघडल्याचे दाखवले. त्या दरम्यान आत शिरलेले दुबार नोंदक्रमांक आधी काढले आणि मग 'रीइंडेक्स' केले, म्हणजे इंडेक्स नव्याने रचले. वापर न थांबवता हेच करणारे 'रीइंडेक्स कन्करंटली' ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटाच्या) आत चालत नाही, त्यामुळे ती पायरी मायग्रेशनपासून (डेटाबेसमधले बदल करणाऱ्या स्क्रिप्टपासून) वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवावी लागते. सीएसव्ही उतरवताना आता 'सी' कोलेशनने क्रम लावला जातो, त्यामुळे पुढे कोणत्याही यंत्रावर डिफ स्थिर राहील. एवढ्यावर हा भाग मिटला.

खरा पेच त्यानंतर उघडा पडला. सगळे इंडेक्स निरोगी असताना प्रकाशनस्थळांच्या तक्त्यात 'कऱ्हाड' दोनदा दिसत होते, दोन्हींना वेगळे आयडी होते आणि कऱ्हाडच्या अंकांपैकी काही एका आयडीला तर काही दुसऱ्याला जोडलेले होते. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, त्यामुळे आधी ॲमचेकच पुन्हा चालवून पाहिले. पण इथे युनिक इंडेक्सचा काहीही दोष नव्हता. एका नोंदीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर होते, म्हणजे युनिकोडमधील ०९३१, आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्या नोंदीत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर होता. फाँट दोन्हींतून तोच अर्धा र काढतो, डेटाबेसला मात्र ते वेगवेगळे बाइट दिसतात. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधून रूपांतरित केलेल्या याद्यांत प्रामुख्याने दुसरा प्रकार आढळला, तर फोनवरून भरलेल्या नोंदींत पहिला.

यावर पहिला विचार होता तो आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या नॉन-डिटरमिनिस्टिक कोलेशनचा. पोस्टग्रेस १२पासून अशी कोलेशन मिळतात, आणि त्यांच्यात बाइट वेगळे असूनही दोन मजकूर समान ठरू शकतात. मोठ्या उत्साहाने 'दऱ्या' आणि 'दर्या' या जोडीवर चाचणी घेतली आणि निकाल अगदी उलटा आला. आयसीयू जॉइनरकडे पूर्ण दुर्लक्ष करते, त्यामुळे जॉइनरने लिहिलेल्या डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या हे दोन्ही नेहमीच्या पातळीवर एकच ठरतात. मात्र स्वतंत्र 'ऱ' वापरून लिहिलेल्या दऱ्या त्यांच्यापासून वेगळ्या राहतात, कारण 'ऱ' म्हणजे र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असा फरक तिथे मोजला जातो. तुलनेची पातळी पहिलीवर आणली तर तिन्ही रूपे एक होतात. मग 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतला भेद उरत नाही आणि ज्या सूचीत पाककृतींचे लेख व तत्त्वज्ञानाचे लेख शेजारी शेजारी आहेत, तिथे हे मुळीच चालणार नाही. शिवाय अशा कोलेशनवर 'लाइक'चा (मजकुराच्या तुकड्यावरून होणारा) शोध १८व्या आवृत्तीपूर्वी चालत नाही. तेव्हा हा मार्ग सोडला.

मजकूर आत येतानाच एकरूप करणे हाच उपाय राहिला. पोस्टग्रेस १३पासून 'नॉर्मलाइझ' फंक्शन आहे. त्याचे एनएफसी (सुटी चिन्हे जोडून एक करणारे) रूप र आणि सुटा नुक्ता यांचा 'ऱ' करते, पण जॉइनरच्या रूपाला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती दोन समतुल्य रूपे नाहीतच. म्हणून आधी 'र, हलन्त, जॉइनर' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' घालणारे आणि मग नॉर्मलाइझ करणारे छोटे फंक्शन लिहिले. 'ॲ'चीही तीच अडचण आहे: ते स्वतंत्र अक्षर युनिकोड ५.१मध्ये आले आणि त्याआधीच्या सवयीने अनेक जण अ व चंद्र असे जोडून लिहितात. एनएफसी या दोन रूपांनाही एक करत नाही, त्यामुळे ही जोडीही फंक्शनमध्ये घेतली. तक्त्यावर अट तपासणारा चेक कन्स्ट्रेंट आहे, त्यामुळे एकरूप न केलेला मजकूर आता आत येऊच शकत नाही.

मायग्रेशन स्क्विच या साधनात लिहिले. त्यातल्या डिप्लॉय (बदल लावणे), रिव्हर्ट (मागे घेणे) आणि व्हेरिफाय (तपासणे) या तीन वेगळ्या फायली मला मनापासून आवडतात, कारण व्हेरिफायमध्ये 'जॉइनरवाला र कुठेही शिल्लक नाही' ही अट एकदा लिहिली की ती रेपोच्या इतिहासात कायमची राहते. अंकांचे दुवे टिकवल्या जाणाऱ्या आयडीकडे वळवणे, दुबार स्थळ काढणे आणि कन्स्ट्रेंट लावणे हे सारे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसले. तक्त्याची रचना बदलणाऱ्या आज्ञाही पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक होतात, म्हणजे मागे घेता येतात. मायएसक्यूएलमध्ये तशी आज्ञा दिली की तोवरचे सारे आपोआप कमिट होते, आणि या एका कारणासाठी मी सूची पोस्टग्रेसवरच ठेवेन.

सर्वाधिक आनंद दिला तो मात्र गिटच्या 'टेक्स्टकॉन्व्ह' या सोयीने. स्थळे एकरूप केल्यावरच्या डिफमध्ये एक लाल 'कर्‍हाड' आणि एक हिरवे 'कऱ्हाड' दिसत होते आणि नजरेला दोहोंत काहीही फरक कळत नव्हता. गिटॲट्रिब्यूट्समध्ये सीएसव्हीसाठी एक छोटी स्क्रिप्ट जोडली, जी डिफ दाखवताना जॉइनरच्या जागी ठळक चौकट आणि 'ऱ'पुढे टिंब उमटवते. मूळ फाइल बदलत नाही, बदलते ते फक्त पाहणे. त्यानंतर जुने कमिट चाळताना तोच दोष लेखकांच्या नावांतही जागोजागी दिसू लागला, त्यामुळे लेखकसूचीआधी तो तक्ताही याच फंक्शनमधून काढावा लागेल. सोबत गिटचे 'कोअर कोटपाथ' हे सेटिंग बंद करून ठेवावे, म्हणजे देवनागरी फाइलनावे आकड्यांच्या रांगेऐवजी देवनागरीतच दिसतात.

हे लिहिता लिहिता आवृत्ती बदलण्याचा बेतही बदलला आहे. आवृत्ती वाढवणारे पोस्टग्रेसचे 'पीजी-अपग्रेड' हे साधन इंडेक्स आहे तसेच पुढे नेते, म्हणून १७वर जाताना डंप (डेटाचा पूर्ण उतारा) घेऊन नव्याने भरणार आहे. त्या आवृत्तीत पोस्टग्रेसच्या आतच असलेले 'सी.यूटीएफ-८' हे कोलेशन डेटाबेससाठी ठेवीन, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी मूळ इंडेक्सना धक्का बसणार नाही. मात्र त्या क्रमात ळ हे अक्षर ल आणि व यांच्यामध्ये येते. वाचकांसाठीच्या यादीत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर यायला हवेत, आणि ते आयसीयूचे मराठी कोलेशन करते. तेवढ्या यादीपुरते ते क्रम लावणाऱ्या ऑर्डर बायमध्ये लावीन, त्यावर इंडेक्स ठेवणार नाही, कारण आयसीयूची आवृत्ती बदलली की तोच प्रश्न पुन्हा उभा राहील.

एकरूप न केलेली सीएसव्ही रेपोत येऊ नये यासाठी गिटचा क्लीन फिल्टर लावायचा विचार होता. पण तो मजकूर गुपचूप बदलतो, म्हणून त्याऐवजी कमिट नाकारून ओळ क्रमांक सांगणारा प्री-कमिट हूक लिहीत आहे. ऱ आणि ॲ यांच्याखेरीज मराठीत दोन रूपांत सापडणाऱ्या आणखी जोड्या कोणाच्या डेटात आढळल्या असतील, तर त्या जरूर कळवाव्यात. हूक आणि डेटाबेसमधले फंक्शन ज्या यादीवर चालतात ती यादी आता रेपोत वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि तिच्यात भर घालणे एका ओळीचे काम आहे.