पुण्याचा बॅकअप नाशिकला

माझ्याकडे काही दुकानदारांची जीएसटीची कामं असतात. त्यामुळे घरातल्या दोन कॉम्प्युटरवर आमचे फोटो आणि सातबाऱ्याचे स्कॅन आहेतच, शिवाय दुसऱ्यांचे ‘टॅली’ या हिशेबाच्या प्रोग्रॅममधले हिशेबही आहेत. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी निघायची, पण ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात. चोरी झाली किंवा आग लागली तर दोन्ही एकदम जाणार. इंटरनेटवरच्या ड्राइव्हला फाइली आपोआप जुळवून ठेवणाऱ्या सिंकवर माझी भिस्त नव्हती. इथे फाइल बिघडली की थोड्या वेळात तिथेही तीच बिघडलेली पोचते, आणि जुन्या प्रती ठरावीक काळच राहतात.

म्हणून नाशिकला दादाच्या घरी बॅकअप ठेवायचं ठरवलं. दोन अटी पक्क्या होत्या. ज्याच्याकडे डेटा आहे त्याला तो वाचता येऊ नये, आणि जो कॉम्प्युटर डेटा पाठवतो त्याला जुना बॅकअप पुसता येऊ नये. पहिली अट गिऱ्हाइकांसाठी. त्यांनी हिशेब माझ्या भरवशावर दिलेत. दुसरी रॅन्समवेअरसाठी, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरससाठी. तो फाइली कुलूपबंद करतोच, पण हाताशी लागेल तो बॅकअपही उडवतो.

पहिली अट ‘रेस्टिक’ या मोफत प्रोग्रॅमनं भागली. तो फाइलींचे तुकडे करतो, एन्क्रिप्ट करतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत असे करतो, आणि मगच बाहेर पाठवतो. आधी पोचलेला तुकडा पुन्हा जात नाही, त्यामुळे रोजचा बॅकअप चटकन उरकतो. दादानं कुतूहलानं डिस्क उघडून पाहिली आणि फोन केला, “अगं, यात नुसती 00 पासून ff पर्यंत फोल्डरं दिसतायत. तुझे फोटो कुठायत?” म्हटलं, “दादा, तेच तर हवं होतं!” फाइलींची नावंसुद्धा तिथे वाचता येत नाहीत.

दुसऱ्या अटीसाठी दादाकडे रास्पबेरी पाय 4 हा छोटासा कॉम्प्युटर (पुढे नुसता ‘पाय’), त्याला 2 टीबीची डिस्क, आणि त्यावर रेस्टिकचे बॅकअप घेणारा ‘रेस्ट-सर्व्हर’ प्रोग्रॅम अपेंड-ओन्ली मोडमध्ये. म्हणजे माझ्या लॅपटॉपवरून नव्या गोष्टींची भर घालता येते, जुनं काढता येत नाही. मग जुने स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या बॅकअपच्या नोंदी, छाटायचे कसे? पायवरच छाटणी लावली तर पासवर्ड तिथे ठेवावा लागतो आणि पहिली अट मोडते. त्यामुळे नाशिकला गेले की डिस्क माझ्या लॅपटॉपला थेट जोडते, स्नॅपशॉटची यादी नजरेखालून घालते आणि मगच छाटते. थोडं कष्टाचं आहे, पण मला हेच बरं वाटतं.

दादाच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता, नाही. कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वाटते. बाहेरून थेट शिरायला वाटच नाही. तिथे ‘टेलस्केल’ ही खासगी नेटवर्क जोडणारी सेवा कामाला आली. आतून ती वायरगार्ड हे सुरक्षित जोडणीचं तंत्र वापरते, आणि दोन्हीकडची यंत्रं जणू एकाच घरात असल्यासारखी बोलतात. पायवरचं फक्त 8000 नंबरचं पोर्ट, म्हणजे रेस्ट-सर्व्हरचं दार, माझ्या कॉम्प्युटरना खुलं ठेवलंय. राउटरमध्ये काही उघडावं लागलं नाही, याचं मोठं समाधान आहे.

पहिला बॅकअप मात्र इंटरनेटवरून पाठवला नाही. 400 जीबी आणि अपलोड 20 एमबीपीएस, म्हणजे सलग चालला तरी 44 तास. पाय पुण्यात घरच्याच नेटवर्कवर ठेवून डिस्क भरली आणि सगळं उचलून नाशिकला नेलं.

तिकडे वीज जाते-येते, तेव्हा एक खबरदारी फार महत्त्वाची. वीज आल्यावर पाय सुरू झाला पण डिस्क जोडली गेली नाही, तर सर्व्हर मुकाट्यानं त्या छोट्या मेमरी कार्डवर लिहायला लागेल. म्हणून डिस्क माउंट झाल्याशिवाय सर्व्हर सुरूच होऊ नये, अशी अट पायवरचे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिस्टमडीत घातली. विंडोजवर टॅली उघडी असली तरी फाइल नीट उचलली जावी यासाठी रेस्टिकचा शॅडो कॉपीचा (विंडोजकडून त्या क्षणाची प्रत घेण्याचा) पर्याय लावला. त्याला ॲडमिन परवानगी लागते. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये ‘वेळ चुकली तर लवकरात लवकर चालव’ ही खूणही केली, कारण लॅपटॉप रात्री बंदच असतो.

पासवर्ड हरवला तर डेटा गेला. रेस्टिकमध्ये ‘विसरलात का?’ वगैरे काही नसतं. बॅकअपच्या एकाच साठ्याला अनेक पासवर्ड देता येतात, म्हणून यांच्यासाठी वेगळा केला. दोन्ही कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेत. त्याच कागदावर साठ्याचा पत्ता, सर्व्हरचं लॉगिन आणि टेलस्केलचं खातं. मी नसताना कुणाला काढायची वेळ आली तर अडायला नको.

खरी परीक्षा परत मिळवण्याची होती. जुना, कोरा केलेला लॅपटॉप घेतला आणि फक्त त्या कागदाच्या जोरावर हे सगळं यांना करायला बसवलं. एका दुकानाचं टॅलीचं फोल्डर उतरलं, टॅलीत त्या दुकानाचे हिशेब उघडले, मार्चअखेरचा ट्रायल बॅलन्स (खात्यांच्या शिलकांचा तक्ता) छापील कागदाशी पैशापर्यंत जुळला. आता दर महिन्याला साठ्याचा थोडा थोडा भाग वाचून तपासणारी ‘चेक’ची आज्ञा चालते, आणि अधूनमधून एखादं फोल्डर मी मुद्दाम परत मागवते. दादाच्या मुलीच्या लॅपटॉपचा बॅकअप आता अशाच पद्धतीनं आमच्याकडे पुण्याला येतो.