सहा महिन्यांची बिलं

मॅसॅच्युसेट्समधल्या छोट्या ब्रुअऱ्यांचे, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्यांचे हिशेब मी पाहते. ऑक्टोबरात एका मालकाचा फोन आला, "डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आमचा घाऊक विक्रेता बदलतोय. लेखी करार नाहीच, मग अडचण कसली?" मी म्हटलं, "आज माल थांबवू नका. आधी सगळी बिलं पाठवा."

इथल्या मद्यकायद्याचं, म्हणजे प्रकरण 138 मधलं कलम 25ई लेखी करार आहे का, हे विचारतच नाही. एखाद्या ब्रँडची सहा महिने नियमित विक्री झाली, की सबळ कारणाशिवाय त्या घाऊक विक्रेत्याला माल नाकारता येत नाही. कारणंही पाचच, सगळी विक्रेत्याच्या वागण्याची : मालाची बदनामी, प्रतिस्पर्ध्याच्या मालाला झुकतं माप, विक्रीसाठी पुरेसे प्रयत्न न करणं, गैर व्यापारी प्रथा आणि ठरलेल्या अटी मोडणं. वर 120 दिवसांची लेखी नोटीस.

बिलं लेबलवार लावली. फुकट दिलेले नमुन्याचे केग (बिअरची पिंपं) वगळले, कारण ती विक्री नव्हे. आयपीए आणि लागर या दोन बिअर 4 मार्चपासून दर आठवड्याला जात होत्या, त्या या कलमात अडकल्या. स्टाउट या तिसऱ्या बिअरचं पहिलं बिल 12 जुलैचं, सहा महिने झालेच नव्हते, म्हणून तो सुटला. त्याचं नावही वेगळं होतं हे बरं झालं. जुन्याच नावापुढे 'डबल' लावलेलं असतं, तर तोच ब्रँड आहे असा वाद उभा राहिला असता.

दुकानांत तारीख उलटलेले कॅन पडून असतात, ही मालकाची तक्रार खरी असेल. पण फोटो नाहीत, दुकानवार मासिक विक्री नाही, एक ईमेलसुद्धा नाही. एवढ्यावर 'पुरेसे प्रयत्न नाहीत' हे सिद्ध होत नाही. तक्रार तोंडी ठेवण्याची ही सवय छोट्या ब्रुअरीला फार महाग पडते.

उरली याच कायद्यातली 2021 ची दुरुस्ती. वर्षाला 2,50,000 बॅरलहून कमी उत्पादन (बॅरल म्हणजे 31 गॅलन, साधारण 117 लिटर) आणि डिस्ट्रिब्युटरच्या विक्रीत आपला वाटा 20 टक्क्यांच्या आत, असं असेल तर कारण न देता 30 दिवसांच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं. मात्र वाजवी बाजारभावाने भरपाई द्यावी लागते. पेटीमागचा ढोबळ नफा आणि वर्षभराच्या पेट्या यांवरून मी आकडा काढला. उरलेल्या साठ्याची किंमत वेगळी. ही रक्कम बहुतेकदा नवा डिस्ट्रिब्युटर उचलतो, म्हणून त्याच्याशी आधी लेखी ठरवायला सांगितलं.

संध्याकाळी वकिलाकडे नोटिशीचा मसुदा गेला. त्यात आयपीए आणि लागर एवढीच नावं होती. स्टाउटचा उल्लेख मुद्दाम टाळला. नोटिशीत तो आला असता, तर त्यावर डिस्ट्रिब्युटरचा हक्क आहे हे आपणच मान्य केल्यासारखं झालं असतं.