दिनविशेषाची वही, सातवा महिना

नेम तोच आहे. सकाळी त्या दिवसाच्या तारखेवरचे पाच प्रश्न सोडवायचे आणि रात्री उद्याच्या तारखेवर एक प्रश्न स्वतः तयार करायचा. पहिल्या महिन्यात पाचात दोन यायचे, आता बहुतेक दिवशी चार येतात. ‘कोणत्या वर्षी?’ आणि खाली चार पर्याय, अशा प्रश्नांना आधी मी अंदाजपंचे उत्तर द्यायचो. मग काही वर्षं खुंट्यांसारखी ठोकून घेतली: १९५३ एव्हरेस्ट, १९५७ स्पुटनिक, १९६१ गागारिन, १९६९ चंद्र. नवी घटना दिसली की ती कुठल्या खुंटीच्या अलीकडची, कुठल्या पलीकडची, एवढंच बघायचं. दोन पर्याय तिथेच गळतात.

सोडवण्याबद्दल एवढं पुरे. खरा मार खाल्ला तो प्रश्न तयार करताना.

दुसऱ्या महिन्यात मी मोठ्या ऐटीत विचारलं होतं, ‘गॅलिलिओ वारला त्याच वर्षी कोणता शास्त्रज्ञ जन्मला?’ उत्तर न्यूटन, वर्ष १६४२. आमच्या गटातल्या एका काकांनी शांतपणे विचारलं, ‘कुठल्या कॅलेंडरचं १६४२?’ बसलो शोधत. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, ही तारीख इटलीतली, म्हणजे ग्रेगोरियन, आपण आज वापरतो त्या कॅलेंडरची. न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ ला, ती इंग्लंडमधली. तिथे तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, दहा दिवस मागे. इटलीच्या हिशेबाने न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा. बरं, दोघांना ज्युलियनमध्ये बसवावं, तर गॅलिलिओ सरकतो २९ डिसेंबर १६४१ वर! कुठलंही एकच कॅलेंडर धरा, वर्ष काही जुळत नाही. इतकी वर्षं ऐकलेला योगायोग दोन कॅलेंडरांच्या फटीत तयार झालेला निघाला. तो प्रश्न मी खोडला आणि त्याच तारखेवर दुसरा घेतला: गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर ३०० वर्षं झाली त्या दिवशी कोण जन्मलं? स्टीफन हॉकिंग, ८ जानेवारी १९४२. हा पक्का आहे.

त्या दिवसापासून वहीत एक जादा रकाना आहे, ‘कॅलेंडर’. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस यांच्या मृत्यूची २३ एप्रिल १६१६ ही जोडगोळी त्याच रकान्यात अडकून बाद झाली. रशियाची ऑक्टोबर क्रांती आपल्या नोव्हेंबरात का येते, हे मात्र सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे त्यावर प्रश्न करण्यात अर्थ नाही.

पुढे ‘घड्याळ’ असा आणखी एक रकाना आखावा लागला. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये २० जुलैचे रात्रीचे १०:५६ वाजले होते आणि ग्रिनिचच्या वेळेने २१ जुलैची पहाट होती, २:५६. म्हणून मी आता २० जुलैला यान ‘उतरल्या’बद्दलच विचारतो. ते दोन्ही घड्याळांत २० तारखेलाच उतरलं.

भाकड तारखांचाही त्रास होता. काही तारखांना विचारण्यासारखं काही सापडतच नाही असं वाटायचं. मग १८ एप्रिल १९३० हाती लागली. त्या संध्याकाळी बीबीसीच्या निवेदकाने आज काही बातमी नाही एवढंच सांगितलं आणि पुढे पियानो लावून दिला. आणि त्याच तारखेच्या रात्री चितगावात क्रांतिकारक सूर्य सेन आणि त्यांच्या साथीदारांनी शस्त्रागारावर छापा घालून टेलिफोन-तारेची व्यवस्था मोडून टाकली होती. सात महिन्यांतला माझा सगळ्यात आवडता प्रश्न हाच. भाकड म्हणून सोडलेल्या सगळ्या तारखा मी आता पुन्हा उघडून बघतोय.

काही तारखा तर मुळात नव्हत्याच. १० ऑक्टोबर १५८२ ला रोममध्ये काय झालं? काहीच नाही, कारण ज्युलियन सोडून ग्रेगोरियन घेताना ४ नंतर थेट १५ उजाडली. आव्हिलाची संत तेरेसा नेमकी त्या मधल्या रात्री वारली. उलट १७१२ मध्ये स्वीडनने चक्क ३० फेब्रुवारी पाळली. हे दोन्ही प्रश्न टाकले तेव्हा गटात आधी ‘छपाईची चूक आहे’ असेच निरोप आले. मी दिवसभर गप्प राहिलो. एवढं सुख चालतं.

सध्या अडलोय ते ९ नोव्हेंबरपाशी. एकट्या जर्मनीचीच रांग आहे: १९१८ ला कैसरच्या पदत्यागाची घोषणा, १९२३ ला म्युनिकचा फसलेला उठाव, १९३८ ला ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली ती रात्र, १९८९ ला बर्लिनची भिंत खुली. दिवसाला एकच प्रश्न हा माझाच नियम. ‘यातली कोणती घटना ९ नोव्हेंबरची नाही?’ असं विचारून पाचवा पर्याय एकीकरणाचा द्यावा, तर ३ ऑक्टोबर १९९० बहुतेकांना पाठ असते. पाचवा पर्याय दिसायला अस्सल आणि तारखेने खोटा हवा. कुणाकडे असेल तर कळवा, तोवर ते पान कोरं ठेवलंय.