७५ ग्रॅममध्ये किती किलोमीटर?

बंदर वाढवण्यासाठी खाडीतल्या चिखलपट्टीच्या अर्ध्या भागावर भराव टाकायचा होता. त्याच चिखलावर दर हंगामात सँडपायपर हे छोटे किनारपक्षी उतरतात, अळ्या-किडे खाऊन चरबी चढवतात आणि मग समुद्र ओलांडतात. पुढची खाण्याजोगी जागा २,८०० किलोमीटरवर. तिथवर ते पोचतील का, हे आमच्या पक्षीगटाने बैठकीत सांगायचं होतं, तेही शक्यतो एका ओळीत.

बंदराच्या सल्लागारांनी आपलं उत्तर आधीच छापून आणलं होतं. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांचं सरासरी वजन ७५ ग्रॅम, चरबी नसताना ५० ग्रॅम, म्हणजे २५ ग्रॅम इंधन. पल्ला २,९७० किलोमीटर. तेव्हा काळजी नको. त्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, २०२२ मध्ये गॉडविट या किनारपक्ष्याचं पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला न थांबता गेलं, १३,५६० किलोमीटर. आपल्या पक्ष्याला २,८०० काय जड आहेत?"

ते उड्डाण खरं आहे. पण गॉडविट सँडपायपरच्या कितीतरी पट मोठा, आणि निघताना तो जवळजवळ चरबीचाच गोळा असतो. अलास्कात रडारच्या घुमटावर आपटून मेलेल्या गॉडविटच्या पिल्लांचा अभ्यास पिअर्स्मा आणि गिल या पक्षिशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या वजनात ५५ टक्के चरबी होती आणि पोटातली पचनाची इंद्रियं आक्रसलेली होती. उडताना आतड्याचा उपयोग नाही, मग त्याचं ओझं कशाला न्यायचं! आमच्या ७५ ग्रॅमच्या पक्ष्यात चरबी जेमतेम एक तृतीयांश.

मी त्यांचं गणित तपासत बसले. बेरीज-गुणाकारात काही चूक नव्हती. इंधनावरून पल्ला काढायचं सूत्र मुळात विमानांचं, ब्रेगेच्या नावाचं. पक्ष्यांच्या उड्डाणाचे अभ्यासक कॉलिन पेनिक्विक यांनी ते पक्ष्यांना लावलं. एक ग्रॅम चरबीत साधारण ३९ किलोज्यूल, त्यातली चौथाईहून थोडी कमी ऊर्जा पंखांच्या कामी येते, बाकीची उष्णता होऊन जाते. उरलेला सगळा खेळ दोन गोष्टींचा: निघतानाच्या आणि पोचतानाच्या वजनाचं गुणोत्तर, आणि हवेचा अडथळा.

अडथळ्याचा आकडा कुठून आणायचा, हीच खरी मेख. पूर्वी मेलेल्या, गोठवलेल्या पक्ष्यांची धडं वाऱ्याच्या बोगद्यात धरून तो मोजत. १९९६ मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या बोगद्यात जिवंत पक्षी उडवले, तेव्हा अडथळा बराच कमी असावा असं दिसलं. पक्ष्याला वर धरणारी उचल हवेच्या अडथळ्याच्या किती पट, हे गुणोत्तर सल्लागारांनी ८ धरलं होतं. ते ६ धरलं तर पल्ला २,२२५ वर येतो, १० धरलं तर ३,७०० च्या वर जातो. पक्षी तोच, चरबी तीच. आणि वारा? ताशी ५० किलोमीटरने उडणाऱ्या पक्ष्याला ताशी १० चा समोरचा वारा लागला की २,९७० चे २,३७५ होतात. चरबी मोजणं हे या कामातलं सर्वांत सोपं प्रकरण आहे.

मी वाद मुद्दाम अडथळ्यावर नेला नाही. त्यावर तज्ज्ञही भांडतात, आणि भांडण दिसलं की बैठकीत "शास्त्रज्ञांचंच एकमत नाही" हे वाक्य येतं. त्यांचाच ८ घेतला आणि एवढंच विचारलं, "तुमचा पक्षी पोचतो तेव्हा त्याच्या अंगावर किती चरबी उरलेली असते?"

शून्य. तो बरोबर ५० ग्रॅमवर उतरतो.

आतडं आक्रसलेलं, पोचल्या पोचल्या पोटभर खाता येत नाही, भरती असेल तर चिखल पाण्याखाली. अंगावर निदान ५ ग्रॅम तरी शिल्लक हवेत. "पाचच ना?" कोणीतरी म्हणालं. मी फळ्यावर लिहिलं: ७५ वरून ७० ग्रॅमवर येताना पक्षी ५०५ किलोमीटर जातो, ५५ वरून ५० वर येताना ६९७. हलक्या पक्ष्याला तेवढीच चरबी जास्त लांब नेते, म्हणून राखीव ठेवायचे पाच ग्रॅमच सर्वांत महाग. ते वगळले की ७५ ग्रॅमच्या पक्ष्याचं वापरता येणारं इंधन २,२७० किलोमीटरवर संपतं, खाली पाणी असताना.

बंदराचे अभियंता तोवर मोबाइलमध्ये होते. त्यांनी मान वर केली. "टाकी कोरडी करून कुठलंही जहाज बंदरात येत नाही," ते सल्लागारांना म्हणाले, "हे तुम्ही धरलंच नाही?" माझ्या सगळ्या सूत्रांपेक्षा हे वाक्य जास्त चाललं, हे कबूल करायला हवं.

मग प्रश्न उलटा फिरवला. पक्षी किती लांब जाईल हे सोडा; ५ ग्रॅम राखून २,८०० किलोमीटर जायचं तर निघताना वजन किती हवं? ८१ ग्रॅम. आमच्या वहीत सर्वांत हलका पक्षी ६२ चा, सर्वांत जड ८४ चा. ८१ च्या पुढचे थोडेच. सरासरीचं हेच वाईट. ती जाळ्यात सापडलेल्यांची असते, निघणाऱ्यांची नव्हे. काही पक्षी कालच आलेले असतात, काही आज रात्री उडणार असतात. कडी घालून सोडलेले पक्षी पुन्हा पकडले, त्यावरून रोज एक-दीड ग्रॅम वाढ दिसत होती. म्हणजे ६२ च्या पक्ष्याला आणखी दोन-अडीच आठवडे हवेत, तेही पूर्ण चिखलपट्टी मोकळी असताना. अर्ध्या चिखलावर तेवढ्याच चोची खुपसल्या की वाढ मंदावणार. किती, ते कोणत्याही सूत्रातून निघत नाही, तिथे जाऊन वजनंच करावी लागतात.

भरावाचं काम पक्षी निघून जाईपर्यंत पुढे ढकलायचं ठरलं. अर्धी जागा जाणार ती जाणारच. त्यावर वेगळी बैठक. इतिवृत्तात "निघतानाचे आवश्यक वजन ८१ ग्रॅम" असं नोंदवलं गेलं. त्यापुढे "वारा नसताना" एवढे दोन शब्द घाला म्हणून मी दोनदा सांगितलं. अंतिम प्रतीत ते नाहीत.